वादळात पडलेल्या खांबाचे पैसे शेवटी कोण भरतो?

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका गृहस्थांचा आहे. मे महिन्यातल्या वादळी पावसात त्यांच्या वाड्यावरचे चार खांब आडवे झाले, ट्रान्सफॉर्मर जळाला आणि तीन दिवस वीज नव्हती. दुरुस्ती झाली. मग वर्तमानपत्रात वीज खात्याच्या नुकसानीची बातमी आली आणि पुढच्या बिलात अधिभाराची एक ओळ दिसली. ते विचारतात, वादळाचा खर्च आमच्याच बिलातून काढतात का? काढत असतील तर किती काढायचा हे कोण ठरवते? आणि हे सगळे होण्यापेक्षा केबल जमिनीखालून टाकली असती तर स्वस्त पडले नसते का?

मी तीस वर्षांहून अधिक काळ वीज वितरणाच्या हिशेबात घालवला. आधी उपविभागात स्टोअरचे कागद सांभाळले, नंतर मुख्यालयात दरवाढीच्या याचिका तयार केल्या. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोके पाहिली आहेत.

आधी बिलातली ती ओळ. तो अधिभार वादळाचा नाही. इंधन आणि वीजखरेदीचा खर्च ठरवलेल्या अंदाजापेक्षा वर-खाली झाला की तेवढा फरक त्या ओळीतून वसूल होतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने वीज नियमांत दुरुस्ती करून ही वसुली जवळपास आपोआप होईल अशी सोय केली. खांब, तारा, क्रेनचे भाडे, लाईनमनचा ओव्हरटाइम यातले काहीही त्या ओळीत बसत नाही. वादळाचा खर्च वेगळ्या आणि बऱ्याच संथ वाटेने येतो. कधी कधी तो तुमच्या बिलापर्यंत यायला दोन वर्षे लागतात, म्हणून तो आला तरी ओळखू येत नाही.

गोव्याची एक वेगळी गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. महाराष्ट्रात वितरण कंपनी आहे. गोव्यात कंपनी नाही, थेट सरकारी खाते आहे. खात्याचा रोजचा खर्च सरकारच्या २८०१ या मुख्य शीर्षाखाली पडतो, नवी बांधकामे ४८०१ खाली, आणि तुम्ही भरलेले बिल ०८०१ खाली राज्याच्या तिजोरीत जमा होते. सरकारी हिशेब रोखीचा असतो. पैसा ज्या दिवशी गेला त्या दिवशी खर्च पडला, एवढेच तो सांगतो. दर ठरवतो मात्र गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग. त्याचे कार्यालय गुरुग्रामला आहे आणि त्याला व्यापारी पद्धतीचे हिशेब लागतात. मालमत्ता किती, घसारा (म्हणजे वापराने दरवर्षी घटणारी तिची किंमत) किती, कर्ज किती, परतावा किती, असे सगळे. एकाच पडलेल्या खांबाची नोंद दोन वेगळ्या भाषांच्या दोन वह्यांत करावी लागते, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आता वादळाची रात्र डोळ्यांसमोर आणा. तौक्ते चक्रीवादळ आठवा. २०२१ च्या मे महिन्यात ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. जमिनीवर आले ते १७ मेच्या रात्री, गुजरातेत दीवजवळ. पण त्याआधीच त्याने गोव्यात झाडे पाडली, तारा तोडल्या, आणि कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात राहिली. कोविडच्या दुसऱ्या लाटेचा तो भर होता. घराघरात आजारी माणसे आणि इस्पितळांत ऑक्सिजनची धावाधाव चालली होती. अशा वेळी लाईनमन फांद्या तोडत, चिखलातून खांब ओढत पुढे जातो. स्टोअरमधून जे मिळेल ते गाडीत टाकतो. कोणता कंडक्टर, म्हणजे वीजवाहक तार, कोणत्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या कोणत्या लाईनवर गेला हे लिहायला त्याच्याकडे वेळ नसतो, आणि त्याच्याकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पण पैसे कोण भरणार हे ठरते याच चार-पाच दिवसांत. आयोगाची सुनावणी वर्षा-दोन वर्षांनी होते. तोवर पडलेले खांब उचललेले असतात, तारांचे तुकडे भंगारात गेलेले असतात, आणि पुरावा म्हणून उरतो फक्त त्या दिवसांचा कागद.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मीच धरलेले आहेत. एका उपविभागात वादळानंतर एकूण १ कोटी २० लाख रुपये खर्च झाले. बातमीत हाच आकडा येईल. हिशेबनीसाने मात्र त्याचे तुकडे करायला हवेत.

त्यातले १८ लाख नेहमीच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचे आहेत. वादळ आले नसते तरी हे पगार द्यावेच लागले असते, आणि ते मंजूर कर्मचारी खर्चात आधीच धरलेले आहेत. ते पुन्हा वादळाच्या नावावर मागणे म्हणजे ग्राहकाकडून एकाच गोष्टीचे दोनदा पैसे घेणे. २७ लाख ओव्हरटाइम, कंत्राटदाराच्या टोळ्या, क्रेन आणि डिझेलचे. हा खरोखर वादळाने ओढवलेला जादा खर्च. १५ लाख वाकलेले खांब सरळ करणे, सैल तारा ओढणे, इन्सुलेटर बदलणे यांचे, म्हणजे दुरुस्ती. उरलेले ६० लाख नवे खांब, नवा कंडक्टर आणि नव्या ट्रान्सफॉर्मरचे. ही दुरुस्ती नव्हे. जुनी वस्तू जाऊन नवी, पुढची पंचवीस वर्षे टिकणारी वस्तू आली, म्हणून हा भांडवली खर्च.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण बिलावर त्याचा परिणाम मोठा आहे. ६० लाख दुरुस्तीत टाकले तर ते सगळे त्याच वर्षाच्या हिशेबात येतात. भांडवलात टाकले तर घसारा, कर्जावरचे व्याज आणि भागभांडवलावरचा परतावा या रूपाने वर्षानुवर्षे थोडे थोडे येतात. पंचवीस वर्षे आयुष्य आणि दहा टक्के अवशिष्ट, म्हणजे शेवटी उरणारी, किंमत धरली तर सरळ हिशेबाने घसारा वर्षाला २ लाख १६ हजार. त्या वर्षी बोजा कमी, पण व्याज आणि परतावा धरता एकूण रक्कम ६० लाखांहून बरीच जास्त. म्हणून नफ्यावर चालणाऱ्या कंपनीला शक्य ते सगळे भांडवलात ढकलायचा मोह असतो. उलट घाईत काम करणारे उपविभाग सगळे दुरुस्तीत टाकून मोकळे होतात. दोन्ही चूक.

याहून वाईट चूक मी वारंवार पाहिली आहे. नवा खांब वहीत चढतो, पण पडलेला खांब वहीतून उतरत नाही. जमिनीवर तो कोसळलेला असतो आणि मालमत्ता नोंदवहीत उभाच राहतो. त्याच्यावर घसारा चालू राहतो. इतकेच नाही. आयोगाच्या बहुवार्षिक दर विनियमांत देखभाल-दुरुस्तीचा मंजूर खर्च काढण्याचे सूत्र असे आहे की मागच्या वर्षअखेरच्या एकूण स्थिर मालमत्तेला एका ठरावीक गुणकाने गुणायचे आणि त्यावर घाऊक किंमत निर्देशांकाची वाढ द्यायची. म्हणजे नसलेल्या खांबाच्या देखभालीचेही पैसे ग्राहकाच्या दरात शिरतात. आमच्या उदाहरणात जुन्या मालाची मूळ किंमत २२ लाख आणि त्यावर आजवरचा घसारा १६ लाख धरा. वहीत उरले ६ लाख. भंगाराचे ३ लाख आले. खरे नुकसान ३ लाख. ते उघडपणे दाखवून मंजूर करून घ्यायचे आणि जुनी नोंद बंद करायची. अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण त्यासाठी कोणते खांब पडले हे माहीत असावे लागते.

मी ज्या संस्थेत होतो, तिथे एका वर्षी आम्ही वादळाचा खर्च एकाच आकड्यात मागितला. आयोगाच्या अधिकाऱ्यांनी साधा प्रश्न विचारला, हे साहित्य कोणत्या फीडरवर लागले? आमच्याकडे स्टोअरचे गेट पास होते, कंत्राटदाराची बिले होती, पण त्यांना जोडणारा धागा नव्हता. काही बिलांवर वादळाच्या आधीची तारीख होती. मागणीतला निम्म्याहून अधिक भाग नामंजूर झाला. काम खरे होते, माणसांनी जीव धोक्यात घालून केले होते, तरी ते सिद्ध करता आले नाही. मला ती सुनावणी अजून सलते. त्यानंतर आम्ही एप्रिल संपायच्या आतच प्रत्येक उपविभागाला एक कोरा वादळ-क्रमांक उघडून देऊ लागलो. वादळ आले की स्टोअरची चिठ्ठी, गाडीची लॉगबुक, हजेरी, कंत्राटदाराचे मोजमाप, सगळ्यावर तेवढा एकच क्रमांक टाकायचा. लाईनमनला आणखी काही लिहावे लागत नाही. फोटो काढला तर उत्तम, त्यात खांबाचा क्रमांक दिसला तर त्याहून उत्तम.

आता वसुली. देखभालीचा खर्च हा संस्थेच्या नियंत्रणातला मानला जातो. सूत्राने आलेल्या रकमेपेक्षा जास्त खर्च केलात तर तो सगळा ग्राहकावर टाकता येत नाही. दैवी आपत्ती मात्र नियंत्रणाबाहेरच्या कारणांत मोडते आणि तिचा खर्च आयोगाच्या तपासणीनंतर, म्हणजे मंजूर अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च ताडून पाहण्याच्या ट्रू-अपच्या वेळी, दरात धरता येतो. इथे खरा वाद सुरू होतो. गोव्यात मान्सूनपूर्व वादळी वारे दरवर्षी येतात. माड पडतात, काजू-फणसाच्या फांद्या तारांवर येतात, किनाऱ्यावर खारा वारा लोखंड खातो. हा नेहमीचा खर्च मागच्या वर्षांच्या आकड्यांत असतोच, म्हणून त्या गुणकातही आलेला असतो. तोच पुन्हा आपत्ती म्हणून मागणे योग्य नाही. मागायचा तो नेहमीच्या पातळीच्या वरचा भाग. आमच्या उदाहरणातले २७ आणि १५ मिळून ४२ लाखसुद्धा सगळे मागता येतील असे नाही. त्या महिन्यांत एरवी किती खर्च होतो ते आधी वजा करायला हवे.

या बाबतीत फ्लोरिडाची पद्धत मला सर्वांत स्पष्ट वाटते. तिथल्या नियमांत वादळाच्या खात्यात फक्त वाढीव खर्च टाकता येतो. नेहमीचा पगार नाही, बुडालेला महसूल नाही, आणि झाडे छाटण्याचा खर्चसुद्धा आधीच्या तीन वर्षांतल्या त्याच महिन्याच्या सरासरीच्या वर असेल तरच. नवी मालमत्ता नेहमीच्या दराने भांडवलात जाते. वादळाच्या घाईमुळे तिच्यावर जो जादा खर्च होतो तेवढाच वादळाच्या खात्यात. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर तिथे तारा-खांबांचा विमा परवडेनासा झाला, म्हणून कंपन्यांनी राखीव निधी वाढवला. २००४ मध्ये एकाच मोसमात चार्ली, फ्रान्सिस, इव्हान आणि जीन अशी चार वादळे आली आणि निधी पुरला नाही. मग कायदा करून रोख्यांची वाट काढली. रोखे विकून कंपनीला पैसे लगेच मिळतात आणि बिलावरच्या वेगळ्या आकारातून ते बरीच वर्षे फेडले जातात. वसुली कायद्याने बांधलेली असल्याने व्याज कमी पडते. लुइझियानात २०२२ मध्ये लॉरा, आयडा अशा वादळांच्या खर्चासाठी तीन अब्ज डॉलरहून मोठे रोखे निघाले. ग्राहकाला बिलावर वादळाची वेगळी ओळ दिसते, आणि मला त्यातला हा भाग मोलाचा वाटतो. किती आणि कधीपर्यंत हे त्याला कळते.

आपल्याकडे राखीव निधीची कल्पना नवी नाही. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याच्या सहाव्या परिशिष्टातच आकस्मिकता निधी होता. दरवर्षी मालमत्तेच्या मूळ किमतीच्या पाव ते अर्धा टक्का बाजूला काढायचा, एकूण पाच टक्के होईपर्यंत, आणि सुरक्षित रोख्यांत गुंतवायचा. महाराष्ट्राच्या आयोगाने हे सूत्र पुढे आपल्या विनियमांतही ठेवले. किनारपट्टीच्या राज्याला असा निधी असलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे. वादळ आल्यावर एका वर्षात दर चढवण्यापेक्षा दरवर्षी थोडे बाजूला टाकणे सामान्य घराला सोसते.

निधी नसेल आणि खर्च मोठा असेल तर उरते नियामक मत्ता, म्हणजे आज न वसूल केलेला पण पुढे वसूल करायची परवानगी असलेला खर्च. २०१६ च्या दर धोरणाने ती फक्त नैसर्गिक आपत्तीसारख्या अपवादात्मक स्थितीत मान्य केली. जानेवारी २०२४ च्या केंद्रीय नियमांनी अजून घट्ट केले. मंजूर महसुली गरज (वर्षभरात वसूल करायला मान्य झालेली एकूण रक्कम) आणि अपेक्षित महसूल यांत आपत्ती वगळता तूट ठेवायची नाही, ठेवली तर ती गरजेच्या तीन टक्क्यांच्या आत, आणि व्याजासह जास्तीत जास्त तीन समान वार्षिक हप्त्यांत फेडायची. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या मुदतींवर शिक्कामोर्तब केले. मला हे बंधन आवश्यक वाटते. वर्षानुवर्षे साचलेली थकीत वसुली शेवटी अशा ग्राहकांवर येते ज्यांनी ते वादळ पाहिलेलेही नसते.

आता आपत्ती निवारण निधी. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत गोव्यासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. चक्रीवादळ, पूर, ढगफुटी, भूस्खलन यांसाठी तो वापरता येतो आणि वीजपुरवठा तातडीने सुरू करण्याचा खर्च त्यात बसतो. पण मदत ठरावीक दरांनी मिळते, प्रत्यक्ष बिलाइतकी नाही, आणि आधीपेक्षा भक्कम जाळे उभारायला मिळत नाही. नुसते वादळी वारे केंद्राच्या यादीत नाहीत. राज्याने ते स्थानिक आपत्ती म्हणून अधिसूचित केले तर निधीच्या दहा टक्क्यांपर्यंत वापरता येते. म्हणून पणजीच्या आल्तिनो इथल्या हवामान केंद्राची त्या दिवसाची वाऱ्याची नोंद फाइलला लावून ठेवणे फार उपयोगी पडते. समजा उदाहरणातल्या ६० लाखांपैकी २० लाख या निधीतून आले. तर त्या २० लाखांवर घसारा, व्याज, परतावा काहीच मागता येत नाही. दरात येतात फक्त ४० लाख, साधारण ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के भागभांडवल धरून. अनुदानातून आलेली मालमत्ता वेगळी दाखवली नाही, तर कर भरूनही पैसे दिले आणि बिल भरूनही दिले असे होते.

आणि इथे गोव्याची ती वेगळी गोष्ट पुन्हा आली. इथे दरातून न भागलेली तूट सरकार अंदाजपत्रकातून भरत आले आहे. म्हणजे वादळाचा जो भाग तुमच्या दरात येत नाही, तो हवेत विरत नाही. तो करांतून जातो, आणि तेवढा पैसा रस्ता, शाळा, इस्पितळाकडून वळतो. बिल वाढले नाही म्हणून वादळ फुकट गेले असे समजू नका. वाडीवरच्या घराने आणि मोठ्या हॉटेलने तो भार किती किती उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. दरात घातला तर जो जास्त वीज वापरतो तो जास्त भरतो. अंदाजपत्रकात घातला तर तसे होईलच असे नाही. माझा कल मंजूर झालेला, तपासलेला खर्च दरात दाखवावा आणि गरीब घरांना सवलत हवी तर ती सरकारने वीज कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे आगाऊ पैसे भरून उघडपणे द्यावी, याकडे आहे.

केबल जमिनीखालून टाकण्याबद्दल. वादळाच्या दृष्टीने ती नक्कीच बरी. पण खर्च हवेतल्या तारांच्या कित्येक पट, आणि तोही भांडवली, म्हणजे दशकांनुदशके दरात. दोष निर्माण झाला तर शोधायला वेळ लागतो, रस्ता खणावा लागतो. दाट वस्ती, इस्पितळे, पाण्याचे पंप, किनाऱ्यालगतची गावे इथे ती पैसे वाचवेल. सत्तरी तालुक्याच्या डोंगरात दोन घरांसाठी किलोमीटरभर केबल पुरणे परवडणार नाही. तिथे आवरण असलेला कंडक्टर, जवळ जवळ खांब आणि पावसाआधी नेमाने छाटणी हाच उपाय. छाटणीत आणि धोकादायक झाड काढण्यात फरक आहे. झाड तोडायला १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते, म्हणून ते अर्ज जानेवारीतच गेले पाहिजेत. मे महिन्यात अर्ज करून उपयोग नाही.

तुम्ही काय करू शकता, हेही विचारले आहेत असे धरतो. वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दराची याचिका प्रसिद्ध करावी लागते आणि लोकांच्या हरकती ऐकूनच आयोग निर्णय देतो. हरकत साध्या कागदावरही देता येते. तिच्यात "दरवाढ नको" एवढेच लिहू नका. त्यात विचारा: गेल्या वर्षी वादळाच्या नावावर किती खर्च दाखवला, त्यातला पगार वेगळा काढला का, आपत्ती निधीतून किती आले आणि ते मालमत्तेतून वजा केले का, भंगाराची रक्कम कुठे जमा झाली, आणि तुमच्या वाड्यावरचे ते चार पडलेले खांब मालमत्ता नोंदवहीतून उतरवले का. खांबांचे क्रमांक तुमच्याकडे असतील तर तेही लिहा.